मसाई माराच्या माळावर

पूर्व दिशा नुकतीच उजळू लागली आहे. दूरवर पसरलेल्या माळावरील पिवळसर गवत दवाने ओले झाले आहे. मधूनच छत्रीच्या आकाराचे एखादे बाभळीचे झाड एकटेच उभे आहे. हवेत चांगलाच गारवा आहे. अशा वेळी एका जुन्या वारुळाच्या माथ्यावर चित्त्याची एक मादी येऊन बसते. तिचे अंग सडपातळ, पाय लांब, छाती भरदार, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत ओघळलेल्या अश्रूंसारख्या दोन काळ्या रेघा. वारुळाच्या पायथ्याशी गवतात तिची तीन पिल्ले एकमेकांच्या शेपट्या ओढीत खेळत आहेत. मादीचे लक्ष मात्र त्यांच्याकडे नाही. दूर चरणाऱ्या हरिणांच्या कळपाकडे ती टक लावून पाहत आहे.

तिच्यापासून काही अंतरावर एक मोटार उभी आहे. मोटारीचे इंजीन बंद आहे. आत बसलेली माणसे एक शब्दही न बोलता चित्त्याकडे पाहत आहेत. त्यांतील एकाच्या हातात लांब नळीसारखी एक वस्तू आहे, आणि तिचे तोंड नेमके त्या मादीच्या रोखाने वळलेले आहे.

शंभर वर्षांपूर्वी असे दृश्य दिसते, तर ती वस्तू बहुधा बंदूक असती. आज तो कॅमेरा आहे. मुलांनो, बंदुकीची जागा कॅमेऱ्याने कशी घेतली, त्यामुळे आपल्या ज्ञानात कोणती भर पडली, आणि कॅमेरा हाती धरणाऱ्यानेही कोणते भान राखले पाहिजे, हे आपण या पाठात पाहू.

हा माळ आफ्रिका खंडाच्या पूर्व भागातील केनिया या देशात आहे. केनियाच्या नैर्ऋत्येस, टांझानिया देशाच्या सीमेला लागून, मसाई मारा नावाचे वन्य पशूंसाठी राखून ठेवलेले क्षेत्र आहे. विषुववृत्त येथून फारसे दूर नाही. तथापि हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्यामुळे पहाटे येथे चांगलीच थंडी वाजते. ‘मसाई’ हे येथील गुरे पाळणाऱ्या लोकांचे नाव. ‘मारा’ या त्यांच्या भाषेतील शब्दाचा अर्थ ‘ठिपकेदार’ असा आहे. एखाद्या टेकडीवरून खाली पाहिले, की गवताळ माळावर विखुरलेले झाडाझुडपांचे पुंजके ठिपक्यांसारखे दिसतात. या माळावरून वाहणाऱ्या नदीचे नावही माराच आहे. 1961 साली येथे पशूंसाठी जागा राखून ठेवण्यात आली. आज या क्षेत्राचा विस्तार सुमारे 1500 चौरस किलोमीटर आहे. त्याला लागूनच दक्षिणेस टांझानियातील सेरेंगेटी हे विशाल राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. दोहोंच्या मध्ये कुंपण नाही. दोन देशांची सीमा नकाशावर आखलेली आहे. पशूंना तिची वार्ता नाही.

अशा प्रदेशात प्राणी पाहण्यासाठी केलेल्या प्रवासाला ‘सफारी’ म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीने तो अरबी भाषेतून घेतला. आपण मराठीत ‘सफर’ म्हणतो, तो शब्दही त्याच मुळाचा आहे. त्यामुळे दूर देशीचा हा शब्द आपल्या कानांना परका वाटत नाही. स्वाहिली भाषेत सिंहाला ‘सिंबा’ व जिराफाला ‘ट्विगा’ म्हणतात, आणि झेब्य्राला म्हणतात ‘पुंडा मिलिया’, म्हणजे चक्क पट्टेरी गाढव!

परंतु पूर्वीच्या काळी सफारीला निघणारे पाहुणे प्राणी पाहून परत जात नसत, ते प्राणी मारून परत जात. युरोप व अमेरिकेतील धनिक लोक शेकडो हमाल आणि पेट्याच्या पेट्या भरून काडतुसे बरोबर घेऊन या प्रदेशात येत. 1909 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून नुकतेच उतरलेले थिओडोर रूझवेल्ट आपल्या मुलासह पूर्व आफ्रिकेत आले. वॉशिंग्टन येथील संग्रहालयासाठी नमुने गोळा करणे हा त्यांच्या मोहिमेचा हेतू होता. कीटकांपासून हत्तींपर्यंत 11 हजारांहून अधिक प्राणी या मोहिमेत मारले किंवा पकडले गेले. त्यांपैकी 512 मोठे प्राणी एकट्या या पितापुत्रांच्या बंदुकांना बळी पडले. त्या काळी याचे कोणाला फारसे नवल वाटले नाही. रान म्हणजे न संपणारे भांडार होय, अशीच पुष्कळांची समजूत होती.

सिंह, हत्ती, रानरेडा, गेंडा आणि बिबळ्या या पाच प्राण्यांना आजही पर्यटक ‘पाच मोठे’ म्हणून ओळखतात. वस्तुतः उंचीने जिराफ व वजनाने पाणघोडा काही लहान नाहीत. मग त्यांना या पंक्तीत स्थान का नाही? कारण ही यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे. पायी चालत जाऊन ज्यांची शिकार करणे सर्वांत धोक्याचे, ते हे पाच प्राणी. शिकार थांबली, तरी शिकाऱ्यांची यादी मागे राहिली. केनियाने 1977 साली संपूर्ण देशात शिकारीला बंदी केली. तेव्हापासून तेथे सफारीला जाणाऱ्याने बंदूक नव्हे, कॅमेराच बरोबर न्यावयाचा असतो.

कॅमेरा मात्र त्याच्या पुष्कळ आधीच रानात पोहोचला होता. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कार्ल जॉर्ज शिलिंग्स नावाचा एक जर्मन गृहस्थ आजच्या टांझानियाच्या प्रदेशात फिरत होता. तो स्वतः शिकारी होता. पण रात्रीच्या अंधारात प्राणी कसे वावरतात, याचे चित्र घेण्याचा ध्यास त्याने घेतला. त्या वेळचे कॅमेरे पेटाऱ्याएवढे मोठे असत आणि चित्र काचेच्या तबकडीवर उमटे. पाणवठ्याजवळ तो कॅमेरा मांडून ठेवी व वाटेत एक दोरी ताणून बांधी. प्राण्याचा पाय दोरीला लागला, की भुकटीचा भडका उडून क्षणभर लखलखाट होई आणि तेवढ्यात चित्र उमटे. कितीतरी रात्री वाया जात; तबकड्या फुटत; कधी भडकाच होत नसे. तरीही त्याने चिकाटी सोडली नाही. 1905 च्या सुमारास त्याची छायाचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा लोक थक्क झाले. पेंढा भरलेला सिंह त्यांनी संग्रहालयात पाहिला होता; आपल्या रानात, आपल्या मर्जीने वावरणारा सिंह त्यांनी प्रथमच पाहिला.

आपल्या भाषेत ‘टिपणे’ हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, आणि छायाचित्रकारही क्षण टिपतो. शिकारी आणि छायाचित्रकार यांच्या कामात साम्य आहे, यात शंका नाही. दोघांनाही पहाटे उठावे लागते, वाऱ्याची दिशा ओळखावी लागते, दबा धरून बसावे लागते आणि नेमका क्षण साधावा लागतो. परंतु शिकाऱ्याचा नेम साधला, की प्राणी संपतो. छायाचित्रकाराचा नेम साधला, तरी प्राणी आपल्या वाटेने निघून जातो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणालाही तो पाहावयास मिळतो.

आता हा क्षण साधणे किती अवघड असते, ते थोडे गणित करून पाहू. चित्ता हा जमिनीवरील सर्वांत वेगवान प्राणी. भरधाव धावताना त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे एका सेकंदात तो सुमारे 28 मीटर अंतर तोडतो. कॅमेऱ्याच्या आत एक झडप असते. ती उघडी असेल तेवढाच वेळ प्रकाश आत शिरतो व चित्र उमटते. ही झडप सेकंदाच्या तिसाव्या भागापुरती उघडी राहिली, तर तेवढ्या अवधीत चित्ता जवळजवळ एक मीटर पुढे गेलेला असतो. चित्रात चित्ता न दिसता नुसता एक पिवळा फराटा दिसतो. तीच झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली, तर चित्ता तीन सेंटिमीटरही पुढे सरकत नाही, आणि हवेत झेपावलेले त्याचे चारी पाय स्पष्ट उमटतात. मात्र इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश आत यावा लागतो. म्हणून मोठ्या भिंगाची गरज पडते. लांब नळीच्या भिंगामुळे आणखी एक लाभ होतो. दूर बसलेला प्राणी चित्रात जवळ आल्यासारखा दिसतो. त्याला न बिचकवता दुरूनच त्याचे चित्र घेता येते.

तथापि उत्तम कॅमेरा असला, म्हणजे प्राणी आपोआप समोर येऊन उभे राहतात, असे नाही. ते शोधावे लागतात, आणि या कामी खरा उपयोग होतो तो वाटाड्याच्या नजरेचा. मारातील अनेक वाटाडे मसाई समाजातले आहेत. लहानपणी गुरे राखता राखता ते हा माळ वाचावयास शिकलेले असतात. माळावर जिराफ उभे असतील आणि ते सारे एकाच दिशेने माना वळवून निश्चल पाहत असतील, तर त्या दिशेला सिंह असावा असे ते ओळखतात. उंच माना हे जिराफांचे टेहळणीचे बुरूजच होत. आकाशातून गिधाडे एकामागून एक खाली उतरू लागली, तर तेथे कोणी तरी सावज पाडले आहे, असे समजावे. बाभळीच्या आडव्या फांदीखाली शेपटीसारखे काही लोंबत असेल, तर वर बिबळ्या झोपलेला असण्याचा संभव असतो. धुळीतील पाऊल, गवतातील ताजी लीद, झेब्य्राचे अचानक फुरफुरणे, यांपैकी एकही खूण ते वाया जाऊ देत नाहीत. ज्याला या खुणा कळत नाहीत, त्याला तोच माळ रिकामा दिसतो.

पहाट व सायंकाळ या सफारीच्या उत्तम वेळा. एक तर त्या वेळी ऊन कोवळे असते आणि तिरपे पडते. त्यामुळे प्राण्यांच्या अंगावरील केस, सुरकुत्या व रंगछटा उठून दिसतात. दुसरे असे, की दुपारच्या उन्हात सिंह सावली धरून आडवा होतो व तासन्‌तास हलत नाही. शिवाय तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि दूरचे चित्र पाण्यात पाहिल्यासारखे अस्पष्ट येते.

या माळावरील सर्वांत भव्य देखावा मात्र सिंहाचा किंवा हत्तीचा नव्हे. तो आहे वाइल्डबीस्ट नावाच्या प्राण्याचा. वाइल्डबीस्ट हे हरिणांच्याच वर्गातले. पण शिंगे गाईसारखी, आयाळ व शेपटी घोड्यासारखी, आणि तोंड लांबुडके. दिसावयास ते काही देखणे नाही. परंतु त्याचे कळप पाहिले, की मनुष्य अवाक् होतो. सेरेंगेटी आणि मारा या प्रदेशात मिळून 12 ते 13 लाख वाइल्डबीस्ट आहेत, आणि त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे व गॅझेल हरिणे असतात. पावसाच्या मागोमाग, ताज्या गवताच्या शोधात, हे प्राणी वर्षभर एक प्रचंड प्रदक्षिणा घालीत असतात. वर्षाच्या आरंभी ते सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला असतात. तेथे अवघ्या काही आठवड्यांत लाखो वासरे जन्माला येतात, आणि जन्मल्यावर काही मिनिटांतच ती उभी राहून आईमागे चालू लागतात. मग हा अफाट मेळा उत्तरेकडे निघतो व साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात मारात येऊन राहतो.

या प्रवासातही एक व्यवस्था आहे. झेब्य्रांचे दात व पोट उंच, जाड गवत पचविण्यास योग्य असतात. म्हणून ते वरचे राठ गवत खातात. त्याखालची पाने उघडी पडली, की ती वाइल्डबीस्टच्या वाट्याला येतात. शेवटी जमिनीलगत फुटणारे कोवळे कोंब लहानगी गॅझेल हरिणे खुडतात. एकाच पानावर एकामागून एक पंगती बसाव्यात आणि कोणाच्याही वाढपात उणे पडू नये, अशी ही निसर्गाची पंगत आहे.

वाटेत मारा नदी आडवी येते. नदीत मगरी टपून बसलेल्या असतात. काठावर हजारो वाइल्डबीस्ट गोळा होतात. पुढचे पाण्यापर्यंत येतात आणि बिचकून मागे फिरतात. तास उलटतो, दोन तास उलटतात; कधी सारा दिवस जातो आणि कळप आल्या वाटेने परत फिरतो. कधी मात्र एखादा वाइल्डबीस्ट धैर्य करून उडी घेतो, आणि पाहता पाहता सारा कळप त्याच्या मागोमाग पाण्यात कोसळतो. धुळीचे लोट, पाण्याचे तुषार, वासरांचे हंबरणे यांनी आसमंत भरून जातो. काही बुडतात, काही मगरींच्या जबड्यात सापडतात, आणि बहुसंख्य पलीकडच्या तीरावर निथळत उभे राहतात. हा क्षण टिपण्यासाठी छायाचित्रकार दिवस दिवस उन्हात वाट पाहतात. येथे कॅमेऱ्यापेक्षा धीराचीच परीक्षा अधिक होते.

छायाचित्रांचा उपयोग केवळ डोळ्यांचे पारणे फेडण्यापुरता आहे, असे मात्र समजू नये. कोणत्याही दोन झेब्य्रांच्या अंगावरील पट्टे सारखे नसतात. आपल्या बोटांचे ठसे जसे प्रत्येकाचे वेगळे, तसेच हे. चित्त्याच्या अंगावरील ठिपके व शेपटीवरील वलये, हत्तीच्या कानांच्या फाटलेल्या कडा, सिंहाच्या मिशांच्या मुळाशी असणारे बारीक ठिपके, यांवरूनही प्रत्येक प्राणी ओळखता येतो. सिंहाच्या ठिपक्यांची ही युक्ती 1970 साली संशोधकांनी प्रसिद्ध केली. पूर्वी जनावर ओळखण्यासाठी त्याला पकडून खूण करावी लागे. आता एक स्पष्ट छायाचित्र पुरते. केनियातीलच अंबोसेली येथे सिंथिया मॉस या विदुषीने 1972 पासून हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास चालविला. प्रत्येक हत्तीचे चित्र व नाव नोंदवून ठेवल्यामुळे कोणत्या हत्तिणीची कोणती मुलगी, तिची आजी कोण, येथपर्यंत वंशावळ्या तयार झाल्या.

कळपांची गणती करण्यासही कॅमेराच उपयोगी पडतो. बर्नहार्ड ग्रझिमेक व त्यांचा मुलगा मायकेल या जर्मन पितापुत्रांनी झेब्य्रासारखे पट्टे रंगविलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीवर फिरून प्राणी मोजण्याचे काम केले. हे काम चालू असतानाच, जानेवारी 1959 मध्ये एक गिधाड विमानावर आदळले आणि त्या अपघातात मायकेल मरण पावला. त्यांनी घेतलेल्या चित्रपटामुळे सेरेंगेटीचे नाव जगभर पोहोचले. पुढे विमानातून छायाचित्रे घेऊन, त्यांवरील ठिपक्याएवढे प्राणी एकेक करून मोजण्याची पद्धत रूढ झाली. 1961 साली तेथे सुमारे अडीच लाख वाइल्डबीस्ट होते. 1977 पर्यंत त्यांची संख्या 13 लाखांच्या घरात गेली. ही वाढ कशामुळे झाली? गुरांना होणारा बुळकांडी हा भयंकर रोग वाइल्डबीस्टनाही होत असे व त्यांची वासरे त्याला बळी पडत. आसपासच्या गुरांना लस टोचल्यावर रानातील रोगही नाहीसा झाला. पाळीव गाय आणि रानटी पशू यांचे आरोग्य एकमेकांशी किती निगडित असते, हे या गणतीमुळे उघड झाले.

येथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल, की बंदूक वाईट आणि कॅमेरा चांगला. परंतु गोष्ट इतकी सोपी नाही. कॅमेऱ्यातून गोळी सुटत नाही, हे खरे. तरीही कॅमेरा धरणाऱ्याच्या हातून प्राण्याचा घात होऊ शकतो. ते कसे, हे समजण्यासाठी आपण पुन्हा वारुळावरच्या त्या मादीकडे जाऊ.

चित्ता वेगवान असला, तरी बलवान नाही. सिंह किंवा तरस आले, की त्याला शिकार सोडून पळावे लागते. म्हणून ते बहुधा विश्रांती घेतात त्या दिवसाच्या वेळीच तो शिकार करतो. त्याचा वेग थोडाच वेळ टिकतो. काही शे मीटर धावताच त्याला धाप लागते. सावज निसटले, तर विसावा घेतल्यावाचून पुन्हा धावता येत नाही. साधारणतः निम्म्याच धावा सफळ होतात. पिल्लांची आई एकटीच असते. नर तिला मदत करीत नाही. तिची शिकार साधली, तरच पिल्लांचे पोट भरते. त्यातून पिल्लांवर सिंहांची व तरसांची नजर असतेच.

अशा वेळी एक मोटार येते. पाठोपाठ दुसरी येते, तिसरी येते. प्रत्येकाला अधिक जवळून चित्र हवे असते. पाहता पाहता पंधरावीस मोटारींचे कडे त्या मादीभोवती पडते. इंजिने घरघरतात, माणसे बोलतात. हरिणांचे कान टवकारले जातात आणि कळप दूर निघून जातो. मादी उपाशी राहते, पिल्लेही उपाशी राहतात. कोणीही तिला दगड मारला नाही, कोणीही तिला हात लावला नाही. तरी तिच्या तोंडचा घास गेला.

ही नुसती शंका नाही. मारा व त्याच्या भोवतीच्या प्रदेशातील चित्त्यांचे निरीक्षण करून 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे पर्यटकांची वर्दळ थोडी होती, तेथे मादीच्या एका वेळच्या पिल्लांपैकी सरासरी दोनांहून अधिक पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जेथे वर्दळ फार होती, तेथे मात्र पाच वेळा पिल्ले झाली, तरी त्यांतून सरासरीने एकच पिल्लू जगून मोठे झाले. ज्यांनी त्या पिल्लांची चित्रे कौतुकाने घरी नेली, त्यांना या गोष्टीची कल्पनाही नसेल.

म्हणून मारात काही नियम केलेले आहेत. एका प्राण्याजवळ एका वेळी पाचांहून अधिक मोटारी थांबू नयेत. इतरांनी दूर राहून आपली पाळी येईपर्यंत वाट पाहावी. ठराविक अंतराहून जवळ जाऊ नये. प्राण्यांना हाका मारू नयेत, खाण्यास घालू नये, मोटारीतून उतरू नये. शिकार करीत असलेल्या प्राण्याची वाट अडवू नये. पलीकडे क्षेत्राच्या सीमेबाहेरही मसाई लोकांनी आपल्या मालकीच्या जमिनी एकत्र करून पशूंसाठी राखल्या आहेत. तेथे मोटारींची संख्या मर्यादित असते आणि पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशांतून जमीनमालकांना भाडे मिळते. जिवंत सिंह हा गुरे मारणारा शत्रू असला, तरी तो घरात चार पैसेही आणतो, हे पाहिल्यावर त्याला जगू देण्यास मन तयार होते. पर्यटक यावेत, पण त्यांनी भान राखावे. माराचे भवितव्य या दोन्ही गोष्टींवर अवलंबून आहे.

चित्त्याची ही कथा आपल्याला परकी नाही. ‘चित्ता’ हे नावच मुळी आपल्या देशातले. अंगावर चित्रासारखे ठिपके असलेला तो चित्ता. इंग्रजी भाषेनेही हे नाव येथूनच उचलले. एके काळी भारताच्या माळरानांवर चित्ते होते. कोल्हापूर संस्थानात हरिणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत, आणि त्यांना शिकविणारे चित्तेवान असत. देशातील चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविण्याचीही वेळ आली. अखेर 1952 साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर 70 वर्षांनी, 2022 साली, आफ्रिकेतील नामिबिया देशातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणून सोडण्यात आले. पुढील वर्षी दक्षिण आफ्रिकेतूनही बारा आले. गेलेला प्राणी परत आणणे किती कष्टाचे असते, हे आपल्या देशाने अनुभवले आहे. असलेला प्राणी राखणे हेच त्याहून शहाणपणाचे होय.

आता सूर्य चांगला वर आला आहे. वारुळावरची मादी हळूच खाली उतरते आणि पोट जमिनीला टेकवीत गवतातून सरकू लागते. पिल्ले जागच्या जागी दबून बसतात. हरिणांचा कळप एका उंचवट्याच्या पलीकडे आहे. मोटारीत बसलेला छायाचित्रकार वाटाड्याकडे पाहतो. चार चाके थोडी पुढे नेली, तर साऱ्या शिकारीचे चित्र मिळेल. असे चित्र मिळावे म्हणून तो हजारो मैल दुरून आलेला आहे. वाटाडा काहीच बोलत नाही, फक्त मान हलवून नकार देतो. इंजीन बंदच राहते. मादी उंचवट्यामागे दिसेनाशी होते.

बराच वेळ काहीही दिसत नाही, काहीही ऐकू येत नाही. मग उंचवट्याच्या पलीकडून पाखराच्या किलबिलाटासारखा एक बारीक आवाज येतो. चित्त्याची मादी आपल्या पिल्लांना अशीच साद घालते. दबून बसलेली तिन्ही पिल्ले एकदम उठतात आणि शेपट्या उंच करून आवाजाच्या दिशेने धावत सुटतात.

छायाचित्रकाराला हवे होते ते चित्र मिळालेले नाही. पण पिल्लांना आज पोटभर जेवण मिळाले आहे. तो हसतो, कॅमेरा मांडीवर ठेवतो आणि धावणाऱ्या त्या तीन पिल्लांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत राहतो.

स्वाध्याय

1. ‘पाच मोठे’ या यादीत जिराफ व पाणघोडा का नाहीत?

2. धावणाऱ्या चित्त्याचे स्पष्ट चित्र येण्यासाठी कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी ठेवावी लागते? का?

3. एकाच माळावर झेब्रा, वाइल्डबीस्ट व गॅझेल हरिण यांचे पोट कसे भरते?

4. छायाचित्रांवरून प्राणी कसे ओळखतात? दोन उदाहरणे द्या.

5. वाटाड्याने मोटार पुढे नेण्यास नकार दिला, ते योग्य झाले का? तुमचे मत आठदहा ओळींत लिहा.

6. आपल्या गावाजवळच्या एखाद्या पक्ष्याचे किंवा प्राण्याचे, त्याला न बिचकवता, आठवडाभर निरीक्षण करा व काय दिसले ते वहीत नोंदवा.